उलटे किलोमीटर

१

मिस्त्री गाडीला आधी हात लावायचा नाही. गाडी आली की मालकाला किक मारायला लावायचा आणि स्वतः शेडच्या दाराला टेकून, डोळे मिटून उभा राहायचा. जुन्या, छोट्या टू-स्ट्रोक मोटरसायकली हा त्याचा हातखंडा. नव्या गाड्या दारात आल्या तर तो सरळ पुढचा रस्ता दाखवायचा. "त्यांना डॉक्टर लागत नाही, कारकून लागतो," म्हणायचा. घराच्या मागे पत्र्याची शेड, शेडला एक खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल आणि टेबलाशेजारी खडूनं लिहायची काळी पाटी. कुठल्या गाडीचं काय काढलं, काय घातलं, मीटर किती, हे सगळं त्या पाटीवर. बायको बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. दोघांचा संसार असा दोन आवाजांवर चालला होता आणि कुणाला कुणाचा त्रास नव्हता.

त्या सोमवारी सकाळी चष्मेवाला गाडी ढकलत आला. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा हा मालक, चौतिशीचा, बिनलग्नाचा, आईबरोबर राहणारा. गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा हा तीन वर्षांचा होता. त्यानंतर एकतीस वर्षं ती गाडी घरामागे पडून गंजाचा गोळा झाली होती. मिस्त्रीनं पाच महिने खपून ती उभी केली होती. टाकीचा पोचा काढला, पिस्टन नवा घातला, मीटर मात्र तोच ठेवला. मालकाची तशी इच्छा होती. गाडी घरी जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

"काय झालं? रुसली?" मिस्त्रीनं विचारलं.

"रुसली असती तर परवडलं असतं. मिस्त्री, हसायचं नाही हं. ही मागे जाते."

"उतारावर?"

"सपाट रस्त्यावर! चौकात बंद पडली. किक मारली, झाली सुरू. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, तर थेट मागच्या दूधवाल्याच्या अंगावर. त्यानं माझ्या सात पिढ्या बाहेर काढल्या."

मिस्त्री हसायचा तो हसलाच. मग त्यानं समजावून सांगितलं. टू-स्ट्रोक इंजिनाला उलटसुलट सारखंच. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडते. किक अर्धवट बसली किंवा टायमिंग पुढे सरकलं, तर पिस्टन वर न पोचताच मागे फेकला जातो आणि इंजिन उलटं फिरायला लागतं. "झोका वर जायच्या आधीच कुणी ढकलला तर काय होईल? तसंच. गाडीला मागचं आठवायला लागलं की समजायचं, टायमिंग चुकलं. दोन दिवस ठेवा."

"आईला नका सांगू," चष्मेवाला जाता जाता म्हणाला. "तिला ही गाडी आवडतच नाही मुळी. चालू केली की आतल्या खोलीत जाऊन बसते."

२

दुखणं साधं होतं. मिस्त्रीनं मॅग्नेटचं झाकण काढलं, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट पातळ पट्टीनं मोजली. बरोबर निघाली. फ्लायव्हील जागेवर धरणारी बारीक खीळ, म्हणजे चावी, झिजली असेल म्हणून फ्लायव्हील उतरवलं. चावी पाच महिन्यांपूर्वी त्यानंच घातली होती. ती जशीच्या तशी, कोरी. कंडेन्सर बदलला. टायमिंगची खूण खुणेवर आणली. किक मारली. गाडी एका फटक्यात सुरू झाली आणि शहाण्यासारखी पुढे निघाली. तो तीन किलोमीटर चक्कर मारून आला. कुठे अडखळली नाही. पाटीवर लिहिलं: टायमिंग पाहिलं, कंडेन्सर नवा, मीटर ९४३४.

चार वाजता तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. आला तो दिवेलागणीला. शेडमध्ये गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन जायला फोन करावा म्हणून त्यानं एकदा शेवटची किक मारली. इंजिन सुरू झालं, पण आवाज वेगळा. जिभेवर काहीतरी ठेवून बोलणाऱ्या माणसासारखा. त्यानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पहिला टाकला, क्लच सोडला. मागचं चाक उलटं फिरायला लागलं. मीटरची केबल ह्या गाडीला गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे मीटरही उलटा. शेवटचा लहान पांढरा आकडा सात, सहा, पाच करत खाली उतरत होता.

त्यानं घाईनं बंद केलं आणि मग आकडा नीट पाहिला. ९४३०.

पाटीवर ९४३४ होतं. आत्ता उलटं चाललं ते मिनिटभर. त्यात चार किलोमीटर कसे जातील?

"अगं, शेडमध्ये कुणी आलं होतं का काल?"

"कोण येणार? कुलूप तुम्हीच लावलंत," बायको आतून म्हणाली.

मग शून्याचा आपण चार लिहिला असेल, अशी त्यानं समजूत घातली. अठ्ठावन्न वय झालं, होतं असं. तरी मनाला बरं वाटावं म्हणून त्यानं मीटरची केबल दोन्हीकडून सोडवली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. आता इंजिन उलटं फिरो नाहीतर नाचो, मीटरला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

त्या दिवशी त्यानं कार्बोरेटर खोलला, फुंकला, पुसला. क्रँकच्या सीलमधून हवा शिरते का पाहिलं. शिरत नव्हती. सायलेन्सर काढून काजळी खरवडली. गाडी तीन वेळा पुढे चालली, चौथ्या वेळी उलटी. पुन्हा तीन वेळा पुढे. त्याला राग यायला लागला. दुखणं कायमचं असेल तर सापडतं. मधूनच येणारं दुखणं आणि मधूनच येणारा पाहुणा, दोघांचा नेम नसतो.

बुधवारी सकाळी केबल खिळ्यावर होती. मीटर ९४२५ होता.

३

मिस्त्री देवभोळा नव्हता आणि घाबरटही नव्हता. तो स्टूल ओढून गाडीपुढे बसला आणि विचार करायला लागला. मीटरच्या आत स्प्रिंग असते, चक्र्या असतात. एखादी चक्री झिजली तर ती घसरू शकते. पण घसरली तर एक आकडा बदलेल. चाराच्या जागी पाच येईल आणि बाकीचे तसेच राहतील. इथे सगळे आकडे एकमेकांचा हात धरून नीट खाली आले होते. रस्त्यावर चालून आल्यासारखे.

त्यानं मीटर काढून टेबलावर ठेवावा असा विचार केला. हात पुढे केला आणि मागे घेतला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो नवा प्लग आणायला बाहेर गेला होता. परत आला तेव्हा बायको मशीन बंद करून खिडकीत उभी होती.

"एक विचारू? तुम्ही त्या खाणीच्या रस्त्यानं गाडी फिरवत होतात का आत्ता?"

"मी चालत गेलो होतो. गाडी शेडमध्ये आहे."

"तेच म्हटलं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मग दुसरी कुठली असेल. टेकडीच्या अंगानं आवाज येत होता. तुम्ही परवापासून करताय ना, तोच. बोबडा. जवळ येतोय, जवळ येतोय असं वाटायचं आणि तिथेच असायचा. साडेपाचला बंद झाला."

"केव्हापासून येत होता?"

"चारपासून. कालही होता की. मला वाटलं, तुम्हीच."

मिस्त्रीनं शेडचं कुलूप काढलं. गाडी स्टँडवर उभी. त्यानं सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांना बोटं लावली. गार. मीटरकडे बघायचं नाही असं ठरवून त्यानं पाहिलंच. ९४१९.

दुसऱ्या दिवशी तो दुपारभर शेडमध्ये बसणार होता. पण चारच्या सुमाराला त्याला कुणीतरी भेटायला आलं, मग चहा झाला, मग बायकोला दोरे आणून द्यायचे निघाले. खरं सांगायचं तर कारणं त्यानंच शोधली. शुक्रवारी सकाळी त्यानं दार उघडलं तेव्हा ९४१४ होता आणि शेडमध्ये वास येत होता. पेट्रोलचा नाही. साचलेल्या पाण्याचा.

४

वासावरून त्याच्या मनात एक साधी गोष्ट आली. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल. टाकीचं झाकण जुनं, त्यातून ओल आत जाते, थेंब थेंब साचतात आणि मग इंजिन वेडंवाकडं वागतं. त्याला एकदम हलकं वाटलं. सगळं त्यातच बसत नव्हतं, पण काहीतरी बसत होतं. त्यानं काचेच्या बरणीत पेट्रोल काढलं, उजेडात धरलं. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. पेट्रोल एकसारखं, ऑइलनं जरा निळसर, स्वच्छ. कार्बोरेटरचा तळ काढला. तिथेही थेंब नाही.

मग त्यानं प्लग काढला.

प्लगवरून पाणी निथळत होतं. त्यानं गाडीला किक दिली, तसं प्लगच्या भोकातून फसकन पाणी उडून त्याच्या शर्टावर आलं. गार पाणी. त्यात हिरवट काहीतरी होतं, केसाएवढं बारीक. त्यानं दुसरी किक दिली. पुन्हा पाणी. चौथ्या-पाचव्या किकेला ते थांबलं आणि नुसती हवा यायला लागली.

तो प्लग हातात धरून उभा होता तेवढ्यात दारात कुणीतरी खोकलं.

चष्मेवाल्याची आई. गावातली निम्मी माणसं तिला बाई म्हणायची, कारण ती लायब्ररीत होती आणि प्रत्येकाला कधी ना कधी तिनं गप्प बसवलं होतं. पासष्टीची, सडसडीत, खांद्यावर निळी शाल. पाच महिने गाडी इथे होती, तेव्हा ती एकदाही फिरकली नव्हती.

"या बाई. बसा. गाडीला अजून दोन दिवस..."

"मीटर किती झाला?" तिनं विचारलं.

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. गाडी कशी आहे, काय बिघडलंय, असं लोक विचारतात. मीटर किती झाला, असं कुणी विचारत नाही. आणि तिनं 'झाला' असंही नाही, 'उरला' अशा सुरात विचारलं होतं.

"नऊ हजार चारशे चौदा," तो म्हणाला.

बाई स्टूलावर बसली.

५

"कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पोलिसांना नाही, पोराला तर नाहीच. तुम्ही हसलात तरी चालेल."

"मी कशाला हसू?"

"त्या दिवशी दुपारी ह्याच्या वडिलांनी गाडी बाहेर काढली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की भिंतीवर मीटर लिहायची त्यांना सवय होती. तुमच्यासारखीच. नऊ हजार चारशे आठ. मग म्हणाले, 'पोराला दे, टाकीवर बसवून फिरवून आणतो.' मी त्यांच्याकडे बघितलं आणि दिलं नाही."

"रागावलेले होते?"

"राग चालला असता हो. रागावलेला माणूस कळतो. हे शांत होते. तीन-चार महिने तसेच शांत. जेवताना भिंतीकडे बघत जेवायचे. मी पोराला कडेवर घट्ट धरलं. तर म्हणाले, 'मग तू चल.' मी नाही म्हटलं. तेव्हा हसले. म्हणाले, 'बरं. संध्याकाळी न्यायला येतो. दोघांपैकी कुणीतरी एक तयार राहा.'"

बाहेरच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. बायको ऐकत होती, हे मिस्त्रीला कळलं.

"चार वाजता खाणीवरच्या माणसांना गाडी दिसली. पाण्याच्या काठावर, स्टँडला लावलेली. शेजारी चपला. माणूस सापडला नाही. खाण खोल आहे, तुम्हाला माहितीय. पोलिसांनी कागदावर मीटर लिहून घेतला. चारशे चौदा. आमच्या घरापासून खाण बरोबर सहा किलोमीटर."

"हो," मिस्त्री म्हणाला.

"साडेपाचला माझं दार वाजलं."

"पोलीस."

"पोलीस सहाला आले. मला काहीच माहीत नव्हतं तोवर. मला वाटलं, ठरल्याप्रमाणे न्यायला आले. मी पोराच्या तोंडावर हात ठेवला आणि कडी धरून उभी राहिले. बाहेर कुणीतरी किक मारत होतं. एक. जरा वेळानं दुसरी. मग तिसरी. मिस्त्री, गाडी तेव्हा खाणीवर होती. चार माणसं तिच्याभोवती उभी होती. मग माझ्या दारात किक कुणी मारली?"

मिस्त्रीनं हातातला प्लग टेबलावर ठेवला.

"इंजिन लागलं नाही. आणि मग दाराखालून पाणी आत आलं. एवढंच. पोलीस यायच्या आत मी ते पुसून काढलं." तिनं शाल सारखी केली. "त्या दिवशी गाडी सुरू झाली नाही म्हणून आम्ही वाचलो, असं मी एकतीस वर्षं समजत आलेय. आणि आता माझ्या लेकानं ती सुरू करून घेतली. पाच महिने, एवढी मेहनत करून. तुमचा काय दोष! तुम्ही तुमचं काम चोख केलंत."

ती उठली. दारात वळून म्हणाली, "इंजिन खोला. सुटं सुटं करा. एवढं करा माझ्यासाठी."

६

मिस्त्रीनं शुक्रवारची दुपार, मीटरकडे न बघता, त्यातच घालवली. हेड काढलं, सिलिंडर उपसला, पिस्टनची पिन ठोकून पिस्टन बाहेर काढला आणि रॉकेलच्या ताटलीत ठेवला. कार्बोरेटर एका डब्यात, मॅग्नेट दुसऱ्यात. बायको दारात उभी राहून एकेक वस्तू मोजत होती, जशी काही ती साक्षीदार होती.

"दु:खानं माणसाला काहीबाही ऐकू येतं," मिस्त्री म्हणाला.

"येतं की," बायको म्हणाली. "मला कसलं दु:ख होतं बुधवारी?"

त्यानं मॅग्नेटच्या डब्यावर झाकण लावलं.

शनिवारी सकाळी चष्मेवाला आला आणि गाडीच्या जागी सांगाडा बघून त्याचं तोंडच उतरलं. "अहो, टायमिंगसाठी एवढं? उद्या आईला बसवून फिरवायची म्हणत होतो. कशीबशी तयार झाली होती."

"बाई तयार झाल्या?"

"काल संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, 'बसेन मी मागे. तू नको येऊस, मी बसेन.' आता मी नको तर चालवणार कोण? वय झालं, बोलते काहीतरी." त्यानं टेबलावरचा पिस्टन उचलून पाहिला. "बरं, एक सांगतो, राग मानू नका. ट्रायल मारायला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी येता का तुम्ही? काल पाच-साडेपाचला अगदी जवळ आवाज होता. मी बाहेर जाऊन बघणार होतो, तर आईनं हात धरून आत ओढलं. केवढं घट्ट धरलं, हे बघा."

त्याच्या मनगटावर चार बोटं उमटली होती.

"आज दुपारी दुकानातून निघू नका," मिस्त्री म्हणाला. "सहापर्यंत तरी."

"का?"

"मी येतो तुमच्याकडे. चष्मा करायचाय."

खोटं त्याला नीट जमायचं नाही. चष्मेवाल्यानं त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण बरं म्हणाला.

७

चार वाजता मिस्त्री स्टूल घेऊन मीटरपुढे बसला. ह्या वेळी त्यानं कारण शोधलं नाही. मीटर ९४०९ वर होता. केबल खिळ्यावर. पिस्टन ताटलीत. उन्हाचा चौकोन खिडकीतून येऊन टाकीवर पडला होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग शेवटचा पांढरा आकडा हलला. शून्याच्या जागी नऊ अर्धवट वर आला, थांबला, पुरता आला. मग आठ. कुणीतरी माणसाच्या चालीनं, रमतगमत येत असावं तसं. मिस्त्रीनं मीटरवर तळवा ठेवला. काचेखाली चक्र्या फिरताना जाणवत होत्या, आणि काच ओली होती.

९४०८ वर शेवटचं शून्य लागलं तेव्हा फोन वाजला.

"मिस्त्री," बाईचा आवाज अगदी सरळ होता, लायब्ररीत बोलायची तसा. "इंजिन खोललंत ना?"

"खोललंय बाई. पिस्टन माझ्यासमोर आहे. शपथ घेऊन सांगतो."

"मग ऐका." तिनं फोन कशापुढे तरी धरला. त्याला ऐकू आलं. तो आवाज त्यानं पाच महिने घडवला होता, त्याची प्रत्येक धाप त्याला पाठ होती. बोबडा, उलटा. दाराला लागून.

"बाई, कडी लावा. मी चष्मेवाल्याला दुकानातच..."

"तो इथे आहे. आवाज ऐकून मघाशीच आला, दुकान तसंच टाकून. त्याला वर सामान काढायला पाठवलं आणि बाहेरून कडी घातली. वर धडका मारतोय. दार जुनं आहे, फार वेळ टिकायचं नाही." वरून फळी फुटल्याचा आवाज आला. "तो खाली यायच्या आत मला उघडायला हवं. कुणीतरी एक, असं ठरलं होतं. तुम्ही या आणि पोराला धरा."

फोन तसाच राहिला. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग आवाज यायचेच बंद झाले.

मिस्त्री पळाला. पंधरा वर्षांत तो पळाला नव्हता. बायकोनं मागून काहीतरी हाक मारली. चौकातून डावीकडे, धोब्याच्या भिंतीकडून उजवीकडे. स्वच्छ ऊन होतं. एक आई ओट्यावर पोराचे केस विंचरत होती. तिनं मान वर करून पळणाऱ्या मिस्त्रीकडे बघितलं आणि परत विंचरायला लागली. तिला दुसरं काहीच दिसलेलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी तो आला आणि थांबला.

गल्ली सरळ होती. तिच्या दुसऱ्या टोकाकडे, खाणीच्या बाजूला, एक मोटरसायकल चालली होती. लांब जात होती, हे नक्की, कारण लहान लहान होत होती. पण तिचं तोंड मिस्त्रीकडे होतं. दिवा त्याच्याकडे, हँडल त्याच्याकडे, चालवणारा त्याच्याकडे तोंड करून बसलेला. आपल्याकडे बघत बघत कुणीतरी आपल्यापासून दूर चाललंय, असं मिस्त्रीनं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि आवाज नव्हता. पायाखालच्या मातीला नुसती थरथर होती.

चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याला ओले केस दिसले, ओली बाही दिसली. त्याच्या खांद्यावरून बाईचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं. तिचे हात चालवणाऱ्याच्या कमरेला नव्हते. एक हात मोकळा हवेत उचललेला होता. दुसरा पुढे ओढलेला होता, कारण चालवणाऱ्यानं हँडलवरचा एक हात सोडून तिचं मनगट धरलं होतं. तो एका हातानं गाडी चालवत होता. मागे वळून बघायची त्याला गरज नव्हती. रस्ता त्याच्या ओळखीचा होता.

वळणावर ती गाडी भिंतीआड गेली.

८

चष्मेवाल्याला मिस्त्रीनं बाहेर काढलं. वरच्या दाराच्या दोन फळ्या फुटल्या होत्या आणि त्याचा खांदा सोलवटला होता. खाली उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत पाणी होतं. मिस्त्रीनं ते पुसू दिलं नाही. पोलिसांनी पाहावं असं त्याला वाटत होतं. पोलिसांनी पाहिलं आणि नळ तपासला.

खाणीत चार दिवस शोधलं. दोर सोडले, गळ सोडले. काठावर काही नव्हतं. चपलाही नव्हत्या. बाईचं वय, एकटेपण, जुनं दु:ख, असं सगळं लिहून झालं. मिस्त्रीला दोनदा बोलावलं. त्यानं फोन आला एवढं सांगितलं. बाकीचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि समोरच्या माणसाचं पेन थांबलेलं बघून मिटलं.

इंजिन त्यानं परत जोडलं नाही. एका पहाटे त्यानं आणि बायकोनं मिळून सांगाडा भंगारवाल्याच्या गाडीत चढवला. मीटरवर बायकोनं आधीच फडकं बांधलं होतं. ते सोडायला तो गेला तेव्हा तिनं त्याचा हात बाजूला केला.

तीन आठवड्यांनी चष्मेवाला शेडमध्ये आला. दाढी वाढली होती. गाडीबद्दल त्यानं विचारलंच नाही. स्टूलावर बसला, उगाच एक पाना हातात घेऊन फिरवत राहिला.

"मिस्त्री, वरच्या खोलीला खिडकी आहे. गल्लीकडे."

"हो."

"दार तुटेना म्हणून मी खिडकीत गेलो होतो. चष्मा खाली राहिला होता. मला त्याच्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही. दुसऱ्यांना चष्मे विकतो, आणि बघा." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला निळं दिसलं. शाल. आणि तिनं हात वर केला, एवढं कळलं. तिनं मला हात केला ना?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. पुसलेले हात तो परत पुसत होता.

"तुम्ही तोंडाशी होतात. तुम्हाला चेहरा दिसला असेल. मी रात्रंदिवस तेच आठवतोय. माझी खात्री आहे, ती हसत होती. एवढ्या वर्षांनी बाबांच्या मागे बसली होती. हसत होती ना हो?"

गाडीचा रोग काय, हे मिस्त्रीनं आजवर मालकाच्या तोंडावर सांगितलं होतं. बरी होणार नसेल तर होणार नाही म्हणून सांगितलं होतं. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, आणि परत त्याच्याकडेच यायचे.

"हो," तो म्हणाला. "हसत होत्या."

चष्मेवाल्यानं डोळे मिटले. मग पाना टेबलावर ठेवला, उठला आणि मिस्त्रीचे दोन्ही हात हातात घेतले.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे बाबा तिला प्रेमानंच घेऊन गेले."

मिस्त्रीनं मान हलवली.